थीम पार्कच्या सहलीसाठी कॅमेरा लेन्स: खान्देशातून निघताना कोणती घ्यावी, कोणती घरी ठेवावी

मे महिन्याची सुट्टी लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबं खोपोलीच्या इमॅजिकाला जायचे बेत करतात. दहा-बारा माणसं, त्यात तीन पिढ्या, आणि चांगला कॅमेरा एकाच्याच गळ्यात. त्या माणसाने कोणती लेन्स लावून निघावं, यासाठी हे परीक्षण आहे. गृहीत धरलेले कॅमेरे आपल्याकडे घरोघरी दिसणारे: कॅननचे १५००डी, २००डी, निकॉनचे डी३५००, डी५६०० हे आरशाचे डीएसएलआर, आणि अलीकडचे बिनआरशाचे मिररलेस, म्हणजे सोनी ए६४००, झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, निकॉन झेड५०. या सगळ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी आकाराचा आहे, फुलफ्रेमपेक्षा लहान. फुलफ्रेमवाल्यांनी आकडे दीडपट करून वाचावेत, कॅननशी ताडून पाहायचं असेल तर १.६ पट.

निकाल आधीच सांगतो. कॅमेऱ्यावर दिवसभर १८-१३५ च्या जातीची (म्हणजे १८ ते १३५ मिमी फोकल लेंग्थची; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) एकच झूम, आणि खिशात २४ ते ३५ मिमीमधली एक छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, जिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) मोठं उघडतं. एवढंच. तिसरी लेन्स नेऊ नका. २५० किंवा ३०० मिमीची लांब झूम तर नक्की घरी ठेवा, जरी ती कॅमेऱ्यासोबतच आलेली असली तरी.

खरी अडचण लेन्स बदलण्याची आहे. पार्कात तुम्ही रांगेत उभे असता, एका हातात मुलाचं बोट, दुसऱ्यात पाण्याची बाटली. झुला सुटतो आणि दीड-दोन मिनिटांत परत येतो. त्या वेळात बॅग उघडून, टोपण काढून, लेन्स फिरवून लावणं जमत नाही, आणि घाईत केलं तर सेन्सरवर धूळ बसते किंवा लेन्स फरशीवर पडते. म्हणून थीम पार्कात थोडी कमी धारदार, पण बदलावी न लागणारी लेन्स जास्त मोलाची. लग्नातल्या किंवा निसर्गाच्या फोटोग्राफीला हा हिशोब लागू नाही. तिथे थांबायला वेळ असतो.

आता एकेक लेन्स.

आपल्याकडे बहुतेकांकडे ड्युअल किट असतं. कॅननचं असेल तर १८-५५ आणि ५५-२५०, निकॉनचं असेल तर १८-५५ आणि ७०-३००. दिवसाच्या उजेडात १८-५५ वाईट नाही. कॅननची १८-५५ आयएस एसटीएम (आयएस म्हणजे हाताचं कंपन कमी करणारं स्टॅबिलायझेशन, एसटीएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार) २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे शेजारी बसलेल्या मुलाच्या हातातलं आइस्क्रीमही टिपता येतं. निकॉनची एएफ-पी १८-५५ व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन) फक्त २०५ ग्रॅमची आहे आणि फोकस झटकन, आवाज न करता पकडते. उणीव एकच, ५५ मिमीला ती संपते. मूल घोडेचक्रावर बसलं आणि तुम्ही कठड्याबाहेर दहा-बारा मीटरवर, की मूल चौकटीत लहान दिसतं आणि आजूबाजूचे खांब मोठे. तेव्हा हात दुसऱ्या लेन्सकडे जातो, आणि लेन्स बदलेपर्यंत घोडा पुढे निघून गेलेला असतो.

दुसऱ्या लेन्सची गत याच्या उलट. कॅनन ५५-२५० एसटीएम ही किमतीच्या मानाने फार उत्तम लेन्स आहे, वजन ३७५ ग्रॅम. पण तिचं कमीत कमी फोकस अंतर ८५ सेंटीमीटर आहे. १५००डीसोबत मिळणाऱ्या जुन्या आयएस टू प्रकाराचं तर १.१ मीटर, आणि फोकसची मोटरही संथ. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स ७०-३०० चं अंतर तेवढंच, १.१ मीटर. म्हणजे रांगेत शेजारी उभी असलेली मुलगी हसली तर ही लेन्स फोकसच करणार नाही. कुटुंबाचा गट फोटो तर ७० मिमीवर विसराच.

‘पण रोलर कोस्टरसाठी लांब लेन्स लागेलच ना?’ असं अनेकजण विचारतात. एक साधा हिशोब करा. चौकटीत किती रुंदी मावते हे काढायला सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. कॅननचा सेन्सर २२.३ मिमी रुंद. ६० मीटरवरून १३५ मिमीला जवळजवळ १० मीटर रुंदी मावते, २५० मिमीला सव्वापाच मीटरच्या आसपास. ट्रेनचे चार-पाच डबे, त्यातले वर गेलेले हात आणि वळणाचा थोडा रूळ हे सगळं दहा मीटरच्या चौकटीत नीट बसतं. सव्वापाच मीटरच्या चौकटीत वेगात येणारा डबा धरून ठेवणं सरावलेल्या माणसालाही कठीण जातं, आणि दहातल्या आठ फोटोंत अर्धा डबा कापला जातो. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या मोठ्या कोस्टरला १३५ मिमी पुरतं. आपलं माणूस नेमकं कोणत्या रांगेत बसलंय हे आधी ठरवून घेतलं, तर फोटो नंतर क्रॉपही करता येतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून अर्धी रुंदी कापली तरी सहा मेगापिक्सेल उरतात, घरच्या अल्बमच्या छपाईला तेवढे भरपूर झाले.

आता आमच्या पहिल्या पसंतीकडे. कॅननच्या १८-१३५ च्या तीन पिढ्या आहेत आणि दिसायला त्या इतक्या सारख्या की जुना माल घेताना गफलत होते. पहिली २००९ ची, नावात फक्त आयएस. तिची मोटर संथ आहे, धावत्या मुलामागे कमी पडते. दुसरी २०१२ ची आयएस एसटीएम, वजन ४८० ग्रॅम. फोकस गुळगुळीत, व्हिडिओत मोटरचा आवाज येत नाही. तिसरी २०१६ ची आयएस यूएसएम, ५१५ ग्रॅम, फोकस सगळ्यांत चपळ. तिन्हींचा फिल्टर ६७ मिमीचा. थीम पार्कसाठी यूएसएम मिळाली तर उत्तमच, नाहीतर एसटीएम घ्या. पहिली स्वस्तात मिळाली तरी या कामासाठी नको.

निकॉनला याच जागी एएफ-एस डीएक्स १८-१४० व्हीआर आहे. २०१३ ची, ४९० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा, ४५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस. डी५६०० सोबत अनेकांना ती किटमध्येच मिळाली आणि त्यांना वेगळं काही घ्यायची गरज नाही. सोनीची ई १८-१३५ ओएसएस (सोनीचं स्टॅबिलायझेशन) तर या तिघींत सगळ्यांत सोयीची, फक्त ३२५ ग्रॅम, फिल्टर ५५ मिमीचा. दिवसभर गळ्यात अडकवायची वस्तू दीडशे ग्रॅमने हलकी असली की दुपारी चारनंतर मानेला तो फरक चांगलाच जाणवतो. कॅनन आर५०, आर१० साठी आरएफ-एस १८-१५०, वजन ३१० ग्रॅम. निकॉन झेड५० साठी झेड डीएक्स १८-१४०, वजन ३१५ ग्रॅम. शेवटच्या दोन्हींचं अ‍ॅपर्चर लांब टोकाला एफ/६.३ होतं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), म्हणजे संध्याकाळी डीएसएलआरवाल्या एफ/५.६ पेक्षाही थोडा कमी उजेड. दिवसा याने काही अडत नाही.

सोनीच्या १६-५० पॉवर झूमबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण झेडव्ही-ई१० सोबत घराघरांत तीच आली. ११६ ग्रॅमची, खिशात मावणारी. पण कॅमेरा बंद केला की ती आत मिटते आणि चालू केल्यावर उघडायला वेळ घेते. मूल घसरगुंडीच्या टोकावर आलेलं असताना तेवढा वेळ मिळत नाही. हीच लेन्स असेल तर रांगेत असताना कॅमेरा बंद करू नका, झोपू द्या, आणि एक बॅटरी जास्तीची घ्या.

१८-२०० किंवा १८-३०० च्या लेन्सबद्दल दुकानात फार आग्रह होतो. कॅननची १८-२०० जवळपास सहाशे ग्रॅमची आहे आणि कॅमेरा खाली लटकावला की झूम आपोआप बाहेर घसरतो. वाढलेली मिलिमीटर तुम्ही पार्कात क्वचित वापराल, वजन मात्र सतत सोबत राहील. थीम पार्कसाठी आम्ही ती सुचवत नाही.

आता प्राइम लेन्स. सहलीतले सर्वांत जिव्हाळ्याचे फोटो इथे ठरतात, म्हणून थोडं सविस्तर.

पार्कातली अर्धी मजा छताखाली आणि अंधारात असते. इमॅजिकात डीप स्पेस अंधारातला कोस्टर आहे, सलीमगढ भुताचा वाडा आहे, शिवाय जेवणाच्या मंद उजेडाच्या जागा, आणि संध्याकाळनंतरची रोषणाई. या ठिकाणी झूम लेन्स ३५ मिमीच्या पुढे एफ/४.५ ते ५.६ वर आलेली असते. एफ/५.६ आणि एफ/१.८ यांत उजेडाचा फरक साडेनऊ पटींहून जास्त आहे. समजा एफ/१.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय त्याचा आकडा) ३२०० ला मुलीचा चेहरा नीट उजळतोय. एफ/५.६ ला तोच चेहरा तेवढाच उजळ हवा असेल तर शटर १/१३ पर्यंत खाली आणावं लागेल. १/१३ ला लेन्सचं स्टॅबिलायझेशन भिंती आणि खांब स्थिर ठेवेल, मुलगी मात्र हलतेच आणि पुसट येते. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं कंपन कमी करतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही, हे लेन्स घेताना नीट समजून घ्यायला हवं. धावत्या, नाचत्या, झुलत्या माणसाला फक्त शटरचा वेग थांबवतो, आणि अंधारात तो वेग मोठं अ‍ॅपर्चरच देतं.

मग कोणती प्राइम? इथे आमचं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटला विचारा की धुळ्याच्या आग्रा रोडवर, पहिलं नाव ५० मिमी एफ/१.८ चंच निघतं. कॅननची ती एसटीएम लेन्स १६० ग्रॅमची, स्वस्त आणि खरोखर धारदार आहे. घरी पोर्ट्रेटसाठी तिला तोड नाही. पण एपीएस-सीवर थीम पार्कात ती फार अरुंद पडते. सहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की रांग साडेतीन मीटर होते, कडेला थोडी जागा धरून चार मीटर. ५० मिमीला कॅननवर चार मीटर मावायला तुम्हाला नऊ मीटर मागे जावं लागतं. गर्दीच्या दिवशी नऊ मीटरच्या मधून माणसं सतत ये-जा करत असतात. २४ मिमीला हेच अंतर सव्वाचार मीटर, निकॉनवर ३५ मिमीला सहा मीटर, सोनीवर ३० मिमीला पाच मीटरच्या आसपास. उपाहारगृहात टेबलाच्या एका टोकाला बसून समोरच्यांचा फोटो घेताना तर ५० मिमीने दोनच चेहरे मावतात.

म्हणून निकॉन डीएसएलआरवाल्यांनी एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी घ्यावी. २०० ग्रॅम, फिल्टर ५२ मिमी, ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ. या कामासाठी सगळ्यांत बिनचूक निवड हीच. नाव नीट वाचून घ्या. जुन्या ‘एएफ’ लेन्समध्ये, उदाहरणार्थ ५० मिमी एफ/१.८डी मध्ये, मोटर नसते, आणि डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीतही नसते, म्हणून त्यावर ऑटोफोकस चालत नाही. उलट बाजूने, नव्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० आणि डी९० या जुन्या बॉडींवर चालत नाहीत, हाताने फिरवूनही फोकस होत नाही. मामाची जुनी डी३२०० आणि चुलतभावाची नवी एएफ-पी लेन्स अशी जोडी सहलीच्या आदल्या रात्री जमवू नका.

कॅनन डीएसएलआरला स्वस्तातली ३५ मिमी एफ/१.८ कॅननने काढलीच नाही. तिथे ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम चांगली. १२५ ग्रॅमची पातळ चकतीच ती, सदऱ्याच्या खिशात मावते, १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. एफ/२.८ म्हणजे एफ/१.८ पेक्षा उजेड सुमारे अडीच पटींनी कमी, पण एफ/५.६ पेक्षा चौपट जास्त, आणि गट फोटोत रुंदीचा फायदा. घरात ५० मिमी आधीच असेल तर २४ च्या ऐवजी तीही चालेल, पण संध्याकाळच्या मिरवणुकीतल्या कलाकारांच्या चेहऱ्यांसाठी. गट फोटोची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

सोनीला ई ३५ मिमी एफ/१.८ ओएसएस किंवा सिग्मा ३० मिमी एफ/१.४. ए६४०० आणि झेडव्ही-ई१० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, सिग्मातही नाही, त्यामुळे चालता चालता व्हिडिओ काढणाऱ्यांनी सोनीची ३५ घ्यावी, आणि फोटोच काढणाऱ्यांनी सिग्मा. निकॉन झेडला डीएक्स २४ मिमी एफ/१.७, १३५ ग्रॅम. अंधारातल्या रांगेत कुटुंबाचे फोटो काढायला यापेक्षा योग्य मिलिमीटर शोधून सापडणार नाही. कॅनन आरएफला २८ मिमी एफ/२.८, वजन १२० ग्रॅम.

एफ/१.८ ला एक सावधगिरी. ३५ मिमीला दीड मीटरवरचा चेहरा फोकसमध्ये असेल, तर पुढेमागे मिळून साधारण १३ सेंटीमीटरचाच पट्टा स्वच्छ येतो. आजीच्या मांडीवर नातू बसलाय आणि त्याचा चेहरा पाऊण हात पुढे आहे, तर एकाचे डोळे पुसट होणारच. दोन चेहरे जवळून असतील तेव्हा एफ/२.८ किंवा एफ/३.५ करा आणि आयएसओ वाढवा. दाणेदार फोटो चालतो, पुसट डोळे चालत नाहीत.

एक मधला मार्गही आहे. सिग्मा १८-५० एफ/२.८ डीसी डीएन ही सोनी मिररलेससाठी २९० ग्रॅमची झूम आहे. सगळीकडे एफ/२.८, फिल्टर ५५ मिमी. कोस्टरचे फोटो फारसे काढायचे नसतील आणि सोबत दोन-तीन वर्षांचं मूल असेल, ज्याला मोठ्या झुल्यांवर बसूच देत नाहीत, तर ही एकच लेन्स पुरते. लहान मूल तुमच्यापासून दोन-तीन मीटरपलीकडे जात नाही, मग १३५ मिमी हवेत कशाला?

१०-१८ सारखी अतिरुंद लेन्स या सहलीसाठी विकत घेऊ नका. किल्ल्याची कमान, उंच मनोरा असे दोन-चार फोटो त्यात छान येतात, पण कडेला उभी माणसं ताणली जातात, कडेच्या काकूंचं डोकं लांबट होतं आणि त्या नाराज होतात. तेवढ्या फोटोंसाठी मोबाइलमधला अल्ट्रावाइड कॅमेरा पुरेसा आहे, दिवसाच्या उजेडात तर नक्कीच.

आता आकडे, जे आधी कॅमेऱ्यात बसवून ठेवावेत. कोस्टर किंवा पाण्यात आदळणारी होडी: कंटिन्युअस फोकस, म्हणजे कॅननवर एआय सर्व्हो आणि निकॉनवर एएफ-सी, सोबत बर्स्ट (बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो), शटर १/१०००, आयएसओ ऑटो. ट्रेन चढ संपवून माथ्यावर येते तिथे वेग सगळ्यांत कमी असतो. रुळाच्या त्या जागेवर आधीच फोकस करून ठेवा आणि पहिला डबा दिसला की बटण दाबा. राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचरसारख्या पाण्याच्या राइडला तुषार कुठवर उडतात हे आधी एक होडी जाऊ देऊन बघा, मगच जागा निवडा. घोडेचक्राला उलट करा. १/१५ ते १/३० सेकंद, लेन्स १८ ते ३५ मिमीमध्ये, आणि मुलाच्या वेगाने कॅमेरा सोबत फिरवत राहा. मूल स्पष्ट येतं, मागचे दिवे लांब रेषा होतात. दहा-पंधरा फोटोंत एखादाच साधतो, म्हणून एका फेरीवर समाधान मानू नका.

रोषणाईत एलईडीचे पट्टे पडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० पेक्षा जलद ठेवलं की एका फोटोत चेहरा पिवळा, दुसऱ्यात अंधारलेला, आणि काहींत आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० वर ठेवा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि मिररलेसमध्ये मूक शटर बंद ठेवा, पट्टे त्यातच जास्त येतात.

अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश वापरू नका. चालकाला आणि बाकीच्यांना त्रास होतो, आणि नेपथ्याचा रंग मरतो. कॅननच्या लहान डीएसएलआरमध्ये फ्लॅश बंद आहे असं वाटत असतानाही अंधारात फोकससाठी वरचा फ्लॅश फडफडतो. मेन्यूत जाऊन एएफ असिस्ट बीम बंद करा. निकॉन आणि सोनीतला पुढचा दिवाही तसाच बंद करता येतो. झुल्यांवर कॅमेरा न्यायला बहुधा मनाई असते. तो लॉकरमध्ये ठेवायचा किंवा न बसणाऱ्या माणसाकडे द्यायचा. म्हणून कुटुंबातल्या दोघांना तरी हा कॅमेरा वापरता यायला हवा. ट्रायपॉड आणि मोठ्या बॅगांचे नियम पार्कानुसार बदलतात, तिकीट काढतानाच विचारून घ्या.

फिल्टर आणि हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं. धूळ लागू नये म्हणून लावलेला साधा यूव्ही फिल्टर दिवसा राहू द्या, पण दिवे लागले की काढा. स्वस्त काचेत दिव्यांचं उलटं हिरवं प्रतिबिंब उमटतं आणि ते नंतर काढता येत नाही. पोलरायझरने पाण्यावरची चमक जाते, आकाश गडद होतं, पण उजेड तीन-चार पटींनी कमी होतो. दुपारी चारनंतर तोही काढा. हूड मात्र दिवसभर असू द्या. उन्हापासून आणि गर्दीतल्या कोपरांपासून तो वाचवतो. कॅननच्या साध्या लेन्ससोबत हूड मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो: १८-१३५ एसटीएमला ईडब्ल्यू-७३बी, १८-१३५ यूएसएमला ईडब्ल्यू-७३डी, १८-५५ एसटीएमला ईडब्ल्यू-६३सी, ५० मिमीला ईएस-६८. निकॉन १८-१४० ला एचबी-३२.

खान्देशातून जाताना हवा पूर्ण बदलते, हे लक्षात ठेवूनच बॅग भरा. इकडे मेमध्ये कोरडा उन्हाळा आणि फुफाटा, तिकडे बोरघाटाच्या पायथ्याशी दमट हवा. धुळ्याकडून आग्रा महामार्गाने एसी गाडीतून उतरलात किंवा भुसावळ-जळगावहून एसी डब्यातून कल्याण गाठून पुढे कर्जत-खोपोली लोकल धरलीत, की बाहेर पडताच थंड काचेवर वाफ धरते. पुसू नका. बॅगेची चेन बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं थांबा, काच हवेच्या तापमानाला येते आणि वाफ आपोआप जाते. इमॅजिकाच्या स्नो पार्कला हाच नियम अधिक कडक: बर्फाच्या खोलीतून बाहेर येण्याआधी कॅमेरा आतच झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, मग वाफ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरते.

वर सांगितलेल्या बहुतेक लेन्सना पावसापासून संरक्षण नाही. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस आपल्याकडच्यासारखा थांबून थांबून येत नाही. जाड पारदर्शक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून हूडवर रबर बँडने आवळा. पाण्याचे थेंब काचेवर आले तर आधी ब्लोअरने उडवा, मग सुती नव्हे तर मायक्रोफायबर कापडाने टिपा. धूळ असलेल्या काचेवर कापड घासलं तर ओरखडे पडतात. प्राइम लावताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, पाठ वाऱ्याकडे. आणि पार्किंगमधल्या बंद गाडीत लेन्स ठेवू नका. आतल्या उष्णतेने वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात.

निघण्याआधी सराव हवा असेल तर त्यासाठी वेगळा खर्च नको. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, मेच्या सहलीच्या अगदी तोंडावर. दिवाळीनंतर, डिसेंबरच्या सुमारास दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते. आकाशपाळणा, रंगीत दिवे, धूळ, गर्दी, पळणारी मुलं, थीम पार्कात अडणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे आहेत. आकाशपाळण्यासमोर कॅमेरा भिंतीवर किंवा बाकावर ठेवून आयएसओ १००, एफ/११, एक ते दोन सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, चाकाचा पूर्ण प्रकाशगोल मिळेल. नंतर प्राइम लावून दुकानांच्या उजेडात माणसांचे चेहरे टिपा. कोणत्या आयएसओपर्यंत तुमच्या कॅमेऱ्याचा दाणा तुम्हाला चालतो, हे तिथेच ठरवा. कोणाला ३२०० पुरे वाटतं, कोणाला ६४०० ही चालतं.

जुनी लेन्स घेणार असाल, आणि झूम व प्राइम यांपैकी एक तरी जुनी घेणं शहाणपणाचं आहे, तर दुकानात पाच गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही टोपणं काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, ती लेन्स सोडून द्या. एक-दोन धुळीचे कण दिसले तर हरकत नाही, फोटोत ते येत नाहीत. लेन्स कॅमेऱ्यावर लावून हलकी हलवा, माउंटमध्ये खेळ नको. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोराने फिरला पाहिजे, मध्येच अडकला तर आतली पट्टी ढिली झालेली असते. एफ/११ लावून, डेप्थ प्रिव्ह्यू बटण असेल तर ते दाबून किंवा एक सेकंदाचा फोटो घेताना समोरून बघून, पाती कोरडी आणि सारखी मिटतात का ते पाहा. शेवटी पूर्ण झूम करून शटर अर्धं दाबा. स्टॅबिलायझर चालू होताच व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावलं पाहिजे. ते उडी मारत असेल किंवा आतून खरखर येत असेल तर दुरुस्तीला जुन्या लेन्सच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. यातलं काहीही दुकानदार करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.